जोसाया वॉल्स : बंदूक, नांगर आणि मतपेटी

१५ मे १९०५ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या राजधानीत, तालाहासी येथे, बासष्ट वर्षांचा एक माणूस वारला. काळ्या विद्यार्थ्यांसाठी चालविल्या जाणाऱ्या एका सरकारी महाविद्यालयाच्या शेतावर तो देखरेखीचे काम करीत असे. त्याच्या मृत्यूची बातमी राज्यातल्या एकाही वर्तमानपत्राने छापली नाही. काळ्यांच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले आणि विषय संपला.

हा माणूस गुलामगिरीत जन्मला होता. यादवी युद्धात तो सार्जंट झाला. फ्लोरिडाची राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदेत तो बसला, राज्याच्या असेंब्लीत आणि सिनेटमध्ये निवडून गेला. वॉशिंग्टनच्या संसदेत फ्लोरिडातून गेलेला तो पहिला काळा प्रतिनिधी. तो एका वर्तमानपत्राचा मालक होता, एका शहराचा नगराध्यक्ष होता आणि ऐन उमेदीत राज्यातल्या मोठ्या भाजीपाला बागायतदारांपैकी एक होता. त्याचे नाव जोसाया टी. वॉल्स.

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेऊ घातलेल्या अर्जाची चौकशी केली. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच तिकडून घेतले. काळ्यांची कविता, कथा, आत्मकथने आपण वाचली; त्यांवर परिसंवाद घेतले. परंतु जोतीराव ज्या मुक्तीचे अभिनंदन करीत होते, त्या मुक्तीचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्या चर्चेत फारसा येत नाही. ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी वॉल्सने फ्लोरिडात मोठा मळा विकत घेतला आणि वर्तमानपत्र चालवायला घेतले. म्हणजे जोतीरावांची अर्पणपत्रिका छापली जात होती, त्या वेळी ती मुक्ती भरात होती. पुढच्या चार वर्षांत तिचा कणा मोडण्यात आला. तो कसा मोडला हे समजून घ्यायला वॉल्सचे आयुष्य उपयोगी पडते. माणूस असामान्य होता हे खरेच. पण गुलामाला मुक्त होण्यासाठी जी तीन साधने लागतात, ती तिन्ही या एकाच माणसाच्या हाती एका मागून एक आली आणि गेली, म्हणून हे चरित्र अधिक मोलाचे आहे.

१. बंदूक

वॉल्सचा जन्म ३० डिसेंबर १८४२ रोजी व्हर्जिनिया राज्यात विंचेस्टरजवळ झाला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या बंडखोर सैन्याने त्याला सक्तीने चाकरीला जुंपले. ज्यांनी त्याला बांधून ठेवले होते, त्यांच्याच युद्धाचे ओझे त्याच्या पाठीवर होते. मे १८६२ मध्ये यॉर्कटाउन येथे उत्तरेच्या सैन्याने त्याला पकडले. ही कैद म्हणजे त्याची सुटका ठरली. पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग येथे त्याला थोडेफार शिक्षण मिळाले.

जुलै १८६३ मध्ये तो फिलाडेल्फिया येथे काळ्यांच्या तिसऱ्या पायदळ पलटणीत भरती झाला. त्या युद्धात सुमारे १,७९,००० काळे शिपाई उत्तरेच्या भूदलात लढले. पण शिपाई काळा असला की त्याला महिन्याला दहा डॉलर पगार लागू होई आणि त्यातूनही कपड्यांचे तीन डॉलर कापले जात. गोऱ्या शिपायाला तेरा डॉलर मिळत. गोळी मात्र दोघांनाही सारखीच लागे. काळ्या पलटणींनी याविरुद्ध गाऱ्हाणी केली, कित्येकांनी कमी पगार घेण्याचेच नाकारले. तेव्हा कुठे जून १८६४ मध्ये संसदेने पगार समान केला.

वॉल्सची पलटण दक्षिण कॅरोलायनात वॅग्नर किल्ल्याच्या वेढ्यात होती. फेब्रुवारी १८६४ मध्ये ती फ्लोरिडात जॅक्सनव्हिल येथे आली. वॉल्स फर्स्ट सार्जंट झाला. जून १८६५ मध्ये त्याला पस्तिसाव्या पलटणीत पाठविण्यात आले आणि सेंट जॉन्स नदीकाठच्या पिकोलाटा या ठाण्यावर तोफखान्याचे शिक्षण देण्याचे काम त्याच्याकडे आले. दोन-तीन वर्षांपूर्वी ज्याला गुलाम म्हणून राबविले जात होते, तो आता शिपायांना तोफ डागायला शिकवीत होता. ऑक्टोबर १८६५ मध्ये त्याची लष्करी नोकरी संपली.

त्याच महिन्याच्या शेवटी त्याच्या जुन्या पलटणीत जे घडले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पलटण बरखास्त व्हायला दोन दिवस उरले होते. एका काळ्या शिपायाने काकवी चोरली असा आरोप ठेवून गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्याला अंगठ्यांनी बांधून टांगले. हा प्रकार शिपायांनी मळ्यांवर पाहिलेला होता, कित्येकांनी सोसलेला होता. ते त्याला सोडवायला धावले आणि गोळीबार झाला. लष्करी न्यायालयाने त्याला बंड ठरविले. १ डिसेंबर १८६५ रोजी त्या पलटणीच्या सहा शिपायांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. गुलामगिरीविरुद्धचे युद्ध जिंकून आलेल्या या माणसांना गुलामाची शिक्षा आपल्या डोळ्यांदेखत होऊ दिली नाही, एवढाच त्यांचा गुन्हा होता.

त्या हिवाळ्यात फ्लोरिडाच्या जुन्या मळेवाल्यांच्या विधिमंडळाने ‘काळे कायदे’ केले. न्यायाधीशाचा परवाना असल्याखेरीज काळ्या माणसाने बंदूक बाळगू नये, असे त्यात होते. मोडल्यास फटक्यांची शिक्षा, एकोणचाळीस फटक्यांपर्यंत. गणवेश उतरला की बंदूकही काढून घ्यायची, असा हा हिशोब होता.

आपल्या वाचकांना हे परके वाटू नये. कंपनी सरकारच्या सैन्यात महार शिपाई लढले. कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे कोरली गेली. पुढे १८९०च्या सुमारास हीच भरती बंद झाली आणि गोपाळबाबा वलंगकरांसारख्या पेन्शनर शिपायांना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. सत्तेला गरज असते तोवर शिपाई शूर असतो. गरज संपली की तो पुन्हा जातीचा होतो. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट सत्तेच्या हाती राहिली नाही. पलटणीत अक्षरओळख झालेला, हिशोब शिकलेला आणि गोऱ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहिलेला शिपाई गावात परतला की तो पूर्वीचा राहत नाही. आपल्या पहिल्या पुढाऱ्यांमध्ये पेन्शनर सुभेदार-जमादार किती होते हे आठवले, की फ्लोरिडाचा हा सार्जंट पुढारी कसा झाला ते निराळे सांगावे लागत नाही.

२. जमीन

पिकोलाटाच्या ठाण्याला आणखी एक अर्थ आहे. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन याने एक हुकूम काढला होता. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटनपासून दक्षिणेकडे पसरलेला समुद्रकाठ आणि फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीकाठचा मुलूख मुक्त गुलामांसाठी राखून ठेवावा आणि दर कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यावी, असा तो हुकूम. वॉल्स ज्या नदीकाठी पहारा देत होता, ती नदी त्या हुकुमात नावानिशी होती. पण तो तेथे असतानाच राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन बंडखोर मळेवाल्यांना माफी देत सुटला होता. माफीबरोबर जमीनही परत जात होती. १८६५चे वर्ष संपता संपता चाळीस एकरांचे वचन निकालात निघाले.

मग १८६६ मध्ये दक्षिणेसाठी वसाहत-जमिनीचा कायदा झाला. फ्लोरिडासह पाच राज्यांतील सुमारे चार कोटी साठ लाख एकर सरकारी जमीन त्याखाली येत होती. आकडा ऐकून छाती दडपते. प्रत्यक्षात त्यातली बरीचशी पाइनची रेताड राने नाही तर दलदल. चांगली काळी जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. पडीक रान साफ करायला बैल लागतात, अवजारे लागतात, पहिले पीक हाती येईपर्यंत खावटी लागते. कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसाकडे यांतले काय होते? त्यात बहुतेकांनी मळेवाल्यांशी वर्षभराच्या मजुरीचे करार केलेले. तो मोडला तर भटका म्हणून पकडले जाण्याची भीती. काही हजार काळ्या कुटुंबांनी तरीही नेटाने अर्ज केले. फ्लोरिडात असे अर्जदार इतर राज्यांपेक्षा पुष्कळ होते. पण लाखो लोक बटाईच्या शेतीत अडकले. पीक अर्धे मालकाचे, उरलेले दुकानदाराच्या वहीत. वही लिहिणारा एक आणि अंगठा देणारा दुसरा असला की हिशोब कसा होतो, हे आपल्याकडच्या सावकारीने शिकविलेले आहे.

१८७६ मध्ये हा कायदा रद्द झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८८१ मध्ये, फ्लोरिडा राज्याने हॅमिल्टन डिस्टन नावाच्या फिलाडेल्फियाच्या एका कारखानदाराला चाळीस लाख एकर जमीन विकली. भाव एकरी पंचवीस सेंट. वॉल्सच्या भरतीचे ठिकाण आणि या खरेदीदाराचे ठिकाण एकच शहर! ज्या राज्यात मुक्त गुलामाला चाळीस एकर देता आले नाहीत, त्याच राज्यात एका भांडवलदाराला चाळीस लाख एकर देता आले. सरकारकडे जमीन नव्हती हे म्हणणे तेव्हाही खोटे होते.

या काळात वॉल्स स्वतः काय करीत होता? त्याने प्रथम लाकडाच्या गिरणीत काम केले. नंतर अलाचुआ जिल्ह्यातील आर्चर या गावी मुक्त गुलामांच्या शाळेत तो शिक्षक झाला. जेमतेम शिकलेला माणूस आपल्याला येते तेवढे दुसऱ्याला शिकवू लागला. पहिल्या पिढीतला शिक्षक असाच असतो. तो पुस्तकाच्या दोन पाने पुढे असतो, एवढेच. हळूहळू त्याने जमीन घेतली. संसदेचे मानधन मिळू लागल्यावर १८७३ मध्ये त्याने पेन्स प्रेअरीच्या काठी हजार एकरांहून मोठा मळा विकत घेतला. हा मळा पूर्वी दक्षिणेच्या एका मळेवाल्याचा होता. कापूस झाला, संत्री झाली; पुढे टोमॅटो, कोबीसारखा भाजीपाला रेल्वेने उत्तरेच्या बाजारात जाऊ लागला.

हे चित्र सुखावणारे आहे आणि म्हणूनच सावधपणे पाहायला हवे. हजार एकरांचा मळा एका कुटुंबाच्या हाताने होत नाही. तेथे मजूर राबत होते. वॉल्सला जमीन मिळाली, वॉल्सच्या लोकांना मिळाली नाही. त्याने ती घेतली म्हणून त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण एकट्याची मालकी आणि समाजाची मालकी यांत अंतर राहिले आणि पुढे जे घडले ते त्या अंतरातूनच घडले.

३. मत

१८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या संसदेने दक्षिणेत लष्करी अंमल बसवून काळ्या पुरुषांना मताचा अधिकार दिला. १८७० च्या शिरगणतीत फ्लोरिडाची लोकसंख्या १,८७,७४८ होती. त्यांत ९१,६८९ काळे. म्हणजे जवळजवळ निम्मे. अलाचुआत तर काळ्यांचेच बहुमत. १८६८ मध्ये नव्या घटनेसाठी तालाहासीला परिषद भरली, तिच्या सेहेचाळीस सभासदांत अठरा काळे होते. वॉल्स त्यांपैकी एक.

पण या परिषदेतून निघालेली घटना नीट वाचावी. गोऱ्या रिपब्लिकनांच्या मवाळ गटाने जहाल गटाला बाजूला सारून ती आपल्या हातांत घेतली. तिच्यात काळ्यांना मत होते. परंतु कोणत्याही जिल्ह्याला असेंब्लीत चारांहून अधिक जागा मिळणार नाहीत, अशी मर्यादाही होती. काळ्यांची दाट वस्ती कापसाच्या मोजक्या जिल्ह्यांत होती, तेव्हा ही मर्यादा कोणासाठी होती हे उघड आहे. शिवाय जिल्ह्याचे अधिकारी लोकांनी निवडायचे नाहीत, ते राज्यपालाने नेमायचे. काळ्यांचे बहुमत असलेल्या जिल्ह्यात काळा शेरीफ निवडून येऊ नये, याची ही तजवीज. एका हाताने मत द्यायचे आणि दुसऱ्या हाताने मताचे वजन काढून घ्यायचे, ही विद्या तेव्हापासूनची आहे. मतदारसंघ कसे आखले जातात आणि आपला माणूस कोणाच्या मतांवर निवडून येतो, हा प्रश्न १९३२ साली पुण्यात आपल्यापुढेही आला होता.

वॉल्स १८६८ मध्ये असेंब्लीत आणि लगेच नंतर राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेला. त्याच वेळी फ्लोरिडाचा राज्यसचिव जोनाथन गिब्स हा डार्टमथ महाविद्यालयाचा काळा पदवीधर होता. एका बाजूला हे घडत होते आणि दुसऱ्या बाजूला गोऱ्या टोळ्या रात्री घोड्यावरून फिरत होत्या. एकट्या जॅक्सन जिल्ह्यात १५३ खून झाल्याचे गिब्सने संसदीय चौकशी समितीपुढे सांगितले. १८७० मध्ये वॉल्स संसदेसाठी उभा राहिला, तेव्हा गेन्सव्हिलच्या सभेत त्याच्यावर झाडलेली गोळी थोडक्यात हुकली.

तो निवडून आला. प्रतिस्पर्धी सायलस निब्लॅक याने निकालाला आव्हान दिले. जवळजवळ दोन वर्षे वॉल्स संसदेत बसला आणि २९ जानेवारी १८७३ रोजी त्याची जागा काढून निब्लॅकला देण्यात आली. ही जागा काढून घेणाऱ्या सभागृहात बहुमत वॉल्सच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते. मतमोजणीतले दोष दाखविण्यात आले. पण मारहाणीच्या धाकाने जी मते पेटीपर्यंत पोचलीच नाहीत, ती कोणत्या मोजणीत धरायची? दरम्यान १८७२च्या निवडणुकीत तो पुन्हा निवडून आला होता, म्हणून मार्च १८७३ मध्ये तो परत संसदेत बसला. १८७४ मध्ये तिसऱ्यांदा तो ३७१ मतांनी जिंकला. या वेळचा प्रतिस्पर्धी जेसी फिन्ली हा बंडखोर सैन्यातला माजी ब्रिगेडियर जनरल. आता सभागृहात डेमोक्रॅटांचे बहुमत आले होते. कोलंबिया जिल्ह्यातील एका केंद्राची मते बाद ठरवून १९ एप्रिल १८७६ रोजी वॉल्सला पुन्हा काढण्यात आले. राष्ट्राविरुद्ध लढलेला जनरल आत आला आणि राष्ट्रासाठी लढलेला सार्जंट बाहेर गेला. याला कायदेशीर निवाडा म्हणतात.

संसदेत वॉल्सने काय केले? फ्लोरिडातील बंदरे, टपालमार्ग, तारयंत्रे यांसाठी त्याने विधेयके आणली. क्यूबात गुलामगिरी चालूच होती. तिथल्या बंडखोरांना मान्यता द्या, अशी मागणी त्याने केली. स्वतःच्या मुक्तीवर तो थांबला नाही, समुद्रापलीकडचा गुलामही त्याला आपला वाटला. पण त्याचा खरा जिव्हाळा शिक्षणाशी होता. १८७२ मध्ये राष्ट्रीय शिक्षणनिधीच्या विधेयकावर बोलताना त्याने मांडलेला मुद्दा आजही ताजा आहे. शिक्षण राज्यांवर सोपवा, असे विरोधक म्हणत होते. ज्या राज्यांनी गुलामाला अक्षर शिकविणे हा गुन्हा मानला, तीच राज्ये आता काळ्या मुलांना आपण होऊन शिकवतील यावर वॉल्सचा विश्वास नव्हता. म्हणून केंद्र सरकारने पैसा द्यावा, असे त्याचे म्हणणे. गावातला प्रश्न गावानेच सोडवावा, अशी भाषा आपण पुष्कळ ऐकतो. गाव कोणाचे आहे हे विचारल्याशिवाय त्या भाषेला मान डोलावू नये, हे त्याला पुरते कळले होते.

४. काढून घेण्याचे शास्त्र

नोव्हेंबर १८७६ मध्ये वॉल्स राज्याच्या सिनेटमध्ये परतला. पण त्याच निवडणुकीने सारे पालटले. राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल फ्लोरिडासह तीन दक्षिणी राज्यांच्या वादग्रस्त मतांवर अडकला. रिपब्लिकन हेझ अध्यक्ष झाला आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या काळ्यांच्या सरकारांच्या पाठीशी असलेले सैन्य मागे घेण्यात आले. फ्लोरिडात राज्यपाल म्हणून डेमोक्रॅट जॉर्ज ड्रू आधीच बसला होता. १८६८च्या घटनेने राज्यपालाला जे नेमणुकीचे अधिकार दिले होते, ते आता आयतेच मळेवाल्यांच्या पक्षाच्या हातांत गेले.

अशा सिनेटमध्ये वॉल्स सक्तीच्या सार्वजनिक शिक्षणासाठी झगडत राहिला. काही हाती लागेना. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्याने रजा घेतली आणि तो परत गेला नाही. १८८४ मध्ये अपक्ष म्हणून संसदेसाठी उभा राहून तो पडला. १८८५ मध्ये फ्लोरिडाने नवी घटना केली. तिच्यात मतदानासाठी डोईपट्टी लावण्याची सोय होती. १८८९ मध्ये ती पट्टी प्रत्यक्ष आली आणि तिच्या जोडीला आठ पेट्यांचा कायदा आला. प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी. चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की मत बाद. ज्याला पेटीवरचे अक्षर वाचता येत नाही, त्याने काय करायचे? आता वॉल्स शिक्षणासाठी इतका का तळमळत होता ते कळते. शाळा नाकारणारे हात आणि पेट्यांवर अक्षरे रंगविणारे हात एकच होते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. काळ्यांचा मताधिकार घटनेतून कोणी पुसला नाही. पंधरावी घटनादुरुस्ती जागच्या जागी होती. फक्त मत देणारा माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर राहत होता, दुसऱ्याच्या दुकानातून पीठ आणीत होता आणि मत दिल्यावर त्याला पुन्हा त्याच वाटेने घरी जायचे होते. मालकाच्या झोपडीत राहणाऱ्या मतदाराला धमकी द्यायला टोळीचीही गरज नसते. घर खाली कर, एवढे म्हटले की पुरते. प्रतिनिधीचे आसन मतदारावर उभे असते आणि मतदार ज्या जमिनीवर उभा असतो ती त्याची नसेल, तर ते आसन कोणत्याही दिवशी काढून घेता येते. वॉल्सच्या हातून तीन वेळा जिंकलेली जागा दोनदा गेली, याचे मूळ येथे आहे.

बाबासाहेबांनी राजकारणाला एवढे महत्त्व देऊनही महार वतनाचा, खोतीचा प्रश्न का सोडला नाही, याचे उत्तर या इतिहासात सापडते. १९२८ मध्ये वतनाचे विधेयक, १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक आणि १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला देण्याची मागणी. मत आणि जमीन यांची सांगड त्यांनी कधी सुटू दिली नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते या समजुतीतूनच. राखीव जागांवर निवडून गेलेल्या आपल्या प्रतिनिधींवर आपण नेहमी टीका करतो. पुष्कळदा ती योग्यही असते. परंतु ते बोलत का नाहीत, असे विचारताना त्यांच्यामागे उभे राहणाऱ्या माणसाच्या पायाखाली काय आहे, हेही विचारले पाहिजे.

५. पुसलेले नाव

राजकारण संपल्यावर वॉल्स मळ्यावर राहिला. १८८०च्या दशकात त्याची शेती जोरात होती. डिसेंबर १८९४ आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. झाडांच्या साली फाटल्या, उभे पीक करपले. वॉल्स बुडाला. थंडीने गोऱ्या बागायतदारांनाही सोडले नव्हते. पण पडलेल्याला हात द्यायला बँका, नातीगोती, सरकारदरबार लागतो. वॉल्सचे सरकारदरबारी काही उरले नव्हते. तो तालाहासीच्या महाविद्यालयात शेताची देखरेख करू लागला. ही संस्था, आजचे फ्लोरिडा ए. अँड एम. विद्यापीठ, १८८७ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी विधिमंडळात खटपट करणाऱ्यांत जोनाथन गिब्सचा मुलगा टॉमस गिब्स हा पुढे होता. म्हणजे काळ्या प्रतिनिधींच्या हातून जे थोडे कायमचे उभे राहिले, त्यांपैकी एकाच्या आवारात वॉल्सचे शेवटचे दिवस गेले.

मग इतिहासकार आले. विल्यम वॉटसन डेव्हिस याचा फ्लोरिडातील पुनर्रचनेवरचा जाडजूड ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. त्या पठडीतील पंडितांनी एकच सूर लावला होता : काळ्यांना मत देणे ही चूक होती, त्यांची सरकारे म्हणजे अज्ञान आणि लाचखोरी. मताधिकार काढून घेणाऱ्यांना हे पांडित्य फार सोयीचे होते. १९३५ मध्ये ड्यू बॉइस यांनी मोठा ग्रंथ लिहून या मांडणीला उत्तर दिले. पण विद्यापीठांनी ते मनावर घ्यायला आणखी तीस वर्षे आणि रस्त्यावरची चळवळ लागली. फ्लोरिडातील काळ्यांवर जो रिचर्डसनचे पुस्तक १९६५ मध्ये आले आणि पीटर क्लिंगमनने लिहिलेले वॉल्सचे चरित्र १९७६ मध्ये. मृत्यूनंतर एकाहत्तर वर्षांनी त्याची बातमी छापली गेली, असेच म्हणायचे.

इतिहास असा उशिरा का येतो? कारण कागद जपणारे आणि चळवळ करणारे हात सहसा एक नसतात. फ्लोरिडाच्या विधिमंडळात पुन्हा काळा माणूस निवडून यायला १९६८ साल उजाडले. संसदेत वॉल्सनंतर फ्लोरिडातून काळे प्रतिनिधी गेले ते १९९२च्या निवडणुकीत. शंभरांहून अधिक वर्षांची ही पोकळी निसर्गाने केलेली नव्हती. तिच्यात एक घटना, एक डोईपट्टी, आठ पेट्या आणि कित्येक थडगी आहेत.

वर्गात हा काळ शिकविताना विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : मग वॉल्स हरला की जिंकला? मला वाटते, प्रश्न असा विचारणे सोपे आहे, पण उपयोगाचे नाही. त्याने बंदूक धरली तेव्हा ती त्याच्या एकट्याची नव्हती. १,७९,००० शिपायांची होती, म्हणून ती लढाई जिंकली गेली. मत मिळाले तेव्हा तेही सर्वांचे होते, म्हणून एक गुलाम संसदेत जाऊन बसला. फक्त जमीन तेवढी त्याची एकट्याची राहिली. पहिली दोन साधने टिकविण्याचे बळ तिसऱ्यातून यायला हवे होते आणि तेथेच साखळी तुटली. गुलामगिरी नष्ट झाली तरी गुलामाला मळ्यावर बांधून ठेवणारी व्यवस्था शाबूत राहिली. तिने वीस-पंचवीस वर्षांत मताधिकार पोकळ केला आणि आणखी थोड्या वर्षांत त्या माणसाचे नावही पुसले.

आज आपल्यातून सैनिक होतात, शिक्षक होतात, आमदार-खासदार होतात. काही जण बागायतदारही झाले आहेत. त्यांचा अभिमान जरूर बाळगावा. पण प्रत्येकाच्या बाबतीत एक प्रश्न विचारण्याची सवय चळवळीने लावून घ्यावी : याच्या हाती आले ते याच्या मागे असलेल्या वस्तीच्या हाती किती आले? या प्रश्नाचे उत्तर जोवर ‘फार थोडे’ असे आहे, तोवर कोणतीही जागा, कितीही मतांनी जिंकलेली असली, तरी ती पक्की झाली असे समजू नये.